बाटलीतलं म्हातारं पाणी

माझी सगळी नोकरी बाटल्या भरण्यात गेली. असं मी एकदा हळदीकुंकवाला म्हणाले, तर शेजारची बाई वाण हातात धरून तशीच थांबली आणि हळू आवाजात म्हणाली, "म्हणजे दारूच्या का हो?"

पाण्याच्या. जमिनीखालच्या पाण्याचा हिशेब ठेवणारं एक सरकारी खातं असतं, त्या खात्याच्या धाराशिवच्या जिल्हा प्रयोगशाळेत मी रसायनशास्त्राची पदवी घेऊन लागले. आमचं घर तुळजापूरचं, वडील कारकून, आई शाळेत शिक्षिका. पाण्याशी आमचा संबंध नळ यायच्या वेळेपुरता. पुढं मात्र जिल्ह्यातली विहीर राहिली नाही की जिच्या काठावर मी उभी राहिले नाही. येडशीच्या डोंगराकडच्या झऱ्यापासून लोहाऱ्याच्या पलीकडं कानडी ऐकू यायला लागतं तिथपर्यंत, पदर खोचून, डोक्याला रुमाल बांधून, हातात बाटली.

बाहेरच्या माणसाला वाटतं, बाटली भरायला काय अक्कल लागते? लागते. बोअरच्या पाइपात रात्रभर साचलेलं पाणी शिळं असतं, ते आधी वाहून जाऊ द्यायचं. अर्धा तास मोटर चालवायची. मग त्याच पाण्यानं बाटली तीनदा विसळायची, पाण्याखाली धरून काठोकाठ भरायची आणि आत हवेचा बुडबुडा न ठेवता झाकण लावायचं. झाकणाच्या आत आणखी एक बूच असतं. मग गावाचं नाव, खोली, वेळ, पाण्याचं तापमान लिहायचं आणि खाली सही करायची, की हा नमुना मी स्वतः घेतला. या शेवटच्या ओळीला फार महत्त्व असतं, कारण बाटली ज्या प्रयोगशाळेत जाते तिथल्या लोकांनी ना गाव पाहिलेलं असतं ना बोअर. ते फक्त त्या सहीवर विश्वास ठेवतात.

मी या बाबतीत खडूस म्हणून प्रसिद्ध होते. मोहरीएवढा बुडबुडा दिसला तरी सगळी बाटली ओतून पुन्हा भरायची. आमच्या जीपचे ड्रायव्हर रफिकभाई वैतागून म्हणायचे, "मॅडम, बुलबुला है, साप नै." माझ्या हाताखाली शिकलेल्या पोरी आज वेगवेगळ्या जिल्ह्यांत आहेत आणि त्यांच्या ऑफिसातले लोक त्यांना खडूस म्हणतात, हे कानावर आलं की मला बरं वाटतं.

आणि अशी मी, एकदा त्या ओळीखाली खोटी सही केली. आज तेच सांगायचं आहे. माझ्या हातून झालेली ती एक मोठी चूक, आणि माझ्यावर झालेले सगळ्यांत मोठे उपकारही तिच्यामुळंच झाले.

माकणीच्या धरणाचं पाणी जमिनीखालून कुठवर पोचतं, हे शोधायचं काम आमच्याकडं आलं होतं. धरणापासून काही कोसांवर एक गाव आहे, त्याचं नाव सांगत नाही. उन्हाळा लागला की त्या गावातल्या विहिरी खडखडीत व्हायच्या. पण गावालगत मथुराबाईंचं शेत होतं आणि त्या शेतातलं पाचशे फुटांचं बोअर वैशाखातही धो धो चालायचं. साऱ्या गावाची खात्री होती की धरणाचं पाणी खालून थेट त्या बोअरला येतं. गावच्या नळयोजनेसाठी त्याच्याच शेजारी नवं मोठं बोअर घ्यायचं ठरत होतं. मथुराबाईंनी त्यासाठी जागा द्यायचं कबूलही केलं होतं. फक्त आमच्या खात्याचा कागद हवा होता.

प्रश्न साधा होता. पाणी धरणाचं असेल, तर धरण आहे तोवर बोअर आटणार नाही, खुशाल खोदा. पण ते पाणी खडकाच्या पोटात फार पूर्वी अडकून पडलेलं असेल, तर त्याला नवी भर नाही. साऱ्या गावानं उपसलं तर दोन-चार वर्षांत संपणार, गावाचंही आणि मथुराबाईंचंही. मग गावाला दुसरी जागा होती ती धरणाच्या फुगवट्याजवळ विहीर घेण्याची. तिथून लांबवर पाइप टाकायचा म्हणजे मंजुरी आणि काम धरून अजून दोन उन्हाळे टँकर.

मी आणि रफिकभाई गेलो तेव्हा लाइट गेलेली होती. मथुराबाई साठीच्या, काटक, नऊवारी गुडघ्यापर्यंत खोचलेली. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा लातूरला दुकानात कामाला, सून आणि नातू त्यांच्याजवळ. त्यांनी आम्हाला ओसरीत बसवलं आणि एका ताटात शेंगदाणे आणि फुटाणे आणून ठेवले. तेवढ्यात सरपंच दत्तूअण्णा आले. भला माणूस, पण प्रश्न विचारल्याशिवाय चहाही न पिणारा.

"बाई, पाणी ते पाणी. धरणाचं कुठलं आन पावसाचं कुठलं, ह्ये बाटलीला कसं कळतं?"

लाइट येईपर्यंत दुसरं काम नव्हतं. मी ताट पुढं ओढलं. "पाणी हायड्रोजन आणि ऑक्सिजनचं बनतं, हे शाळेत शिकलात ना? तर कुठल्याही अणूच्या पोटात दोन तऱ्हेचे कण असतात, प्रोटॉन आणि न्यूट्रॉन. शेंगदाणा म्हणजे प्रोटॉन समजा आणि फुटाणा म्हणजे न्यूट्रॉन. एकच शेंगदाणा असला तर तो हायड्रोजन. सहा असले तर कार्बन, आपल्या चुलीतल्या कोळशातला. आठ असले की ऑक्सिजन. शेंगदाणे मोजायचे आणि नाव सांगायचं." मी आठ शेंगदाणे आणि आठ फुटाणे एका बाजूला मांडले. "हा नेहमीचा ऑक्सिजन."

दत्तूअण्णांनी ऐकता ऐकता त्यातला एक शेंगदाणा उचलून तोंडात टाकला.

"अण्णा, ऑक्सिजनचा नायट्रोजन केलात!"

ते चावायचे थांबले. "एका शेंगदाण्यापायी?"

"सात राहिले ना? सात म्हणजे नायट्रोजन. दुसरी वस्तू, दुसरा स्वभाव." मी त्याच्या जागी दुसरा शेंगदाणा ठेवला आणि त्यात दोन फुटाणे वाढवले. "आता बघा. शेंगदाणे आठच, फुटाणे दहा झाले. तर नाव ऑक्सिजनच, तहान भागवायला पाणीही तसंच, पण वजनाला जड. एकाच मूलद्रव्याच्या अशा हलक्या-जड भावंडांना समस्थानिक म्हणतात."

मथुराबाई दाराला टेकून ऐकत होत्या. "म्हंजे नाव शेंगदाण्याचं आन भार फुटाण्याचा," त्या म्हणाल्या. कितीतरी प्रशिक्षणांना बसले मी, पण इतकं नेमकं कुणी सांगितलेलं नाही. पुढं मी ते वाक्य सगळीकडं वापरलं, आणि मथुराबाईंचं म्हणूनच वापरलं.

मग मी धरणाचं सांगितलं. धरणाचं पाणी लांबरुंद पसरलेलं असतं, त्यावर महिनोन्‌महिने ऊन पडतं. वाफ होताना हलकं पाणी आधी उडून जातं, जड मागं राहतं. म्हणून धरणाच्या पाण्यात जड ऑक्सिजन जास्त सापडतो. पाऊस पडून सरळ जमिनीत मुरलेलं पाणी त्या मानानं हलकं असतं. बोअरच्या पाण्याचं वजन मोजलं की ते कुणाकडचं ते कळतं.

"आन वय? वय बी कळतं म्हणत्यात," दत्तूअण्णा म्हणाले.

वयासाठी मी एक शेंगदाणा घेतला आणि त्याच्याजवळ दोन फुटाणे ठेवले. हा हायड्रोजनच, पण त्याचं सर्वांत जड भावंड, ट्रिशियम. आभाळात तयार होतं, पावसाबरोबर चिमूटभर खाली येतं. हे भावंड टिकत नाही. त्यातला एक फुटाणा आपोआप शेंगदाणा होऊन बसतो. मग शेंगदाणे दोन झाले, म्हणजे नावच बदललं, हायड्रोजनचा हेलियम झाला. साधारण बारा वर्षांत निम्मं ट्रिशियम असं निघून जातं, उरलेल्यातलं निम्मं पुढच्या बारा वर्षांत. जमिनीखाली पाऊस पोचत नाही तिथं नवी भर पडत नाही. ज्या पाण्यात ट्रिशियम आहे ते तरुण, ज्यात जवळजवळ नाही ते म्हातारं.

इथं मध्येच तेरच्या एका गुरुजींचं सांगून घेते, कारण म्हातारं पाणी म्हटलं की मला ते आठवतात. तेर पुरातन गाव, तिथं नांगराच्या फाळाला जुनी मडकी लागतात. या निवृत्त गुरुजींचा आग्रह होता की त्यांच्या विहिरीचं पाणी सातवाहनांच्या काळातलं आहे आणि तसा दाखला खात्यानं द्यावा. ते फ्रेमसुद्धा करून बसले होते. तपासणीत निघालं की पाणी गेल्या दोन-तीन पावसाळ्यांचं. गुरुजी इतके नाराज झाले की मला चहासुद्धा विचारला नाही. मी म्हटलं, "गुरुजी, उलट पेढे वाटा. म्हातारं पाणी म्हणजे संपणारं पाणी. तुमची विहीर दर वर्षी नव्यानं भरते आहे." त्यांनी थोडा विचार केला, मग आत हाक मारली, "अगं, चहा टाक." फ्रेममध्ये पुढं त्यांनी नातीचं प्रमाणपत्र लावलं.

असो. त्या दिवशी लाइट काही येईना. दत्तूअण्णा वाट बघून निघून गेले. आम्हाला अजून तीन गावं करायची होती, बाटल्या दुसऱ्या दिवशीच्या गाडीनं मोठ्या प्रयोगशाळेकडं जायच्या होत्या. रफिकभाई म्हणाले, "लाइट नै आती अब, मॅडम. आगे चलो, देर हो रै." आणि मी कधीच करत नव्हते ते केलं. तीनही बाटल्या मथुराबाईंच्या हातात दिल्या. लाइट आली की अर्धा तास मोटर चालवा, तीनदा विसळा, काठोकाठ भरा, सगळं घोकून घेतलं. त्यांनी न चुकता परत म्हणून दाखवलं. उद्या सकाळी रफिकभाई येऊन घेऊन जातील म्हणून सांगितलं. आणि जीपमध्ये बसल्या बसल्या नोंदीचा कागद भरून खाली सही केली, की हा नमुना मी स्वतः घेतला.  कामाच्या घाईत सही होते तशी झाली.

महिन्याभरात वजनाचा अहवाल आला. मथुराबाईंच्या बोअरचं पाणी जड. अगदी धरणाच्या पाण्यासारखं. मी स्वतः आमच्या प्रयोगशाळेत तिसऱ्या बाटलीतल्या पाण्याची कठीणता, म्हणजे त्यात चुन्यासारखे क्षार किती ते, तपासली होती, तर ती त्या भागातल्या बोअरांच्या मानानं कमी निघाली होती. धरणाचं पाणीही मऊच असतं. सगळं कसं जुळत होतं! आमच्या ऑफिसच्या साहेबांनी शिफारस पाठवली, मंजुरी आली, बोअरच्या गाडीचा दिवस ठरला. दत्तूअण्णांनी नारळ फोडायला मला बोलावलं. मी कपाटातून जरीची साडी काढून ठेवली.

ट्रिशियमची मोजणी वेळखाऊ असते. तो अहवाल सगळ्यांत शेवटी आला, बोअरची गाडी यायला चार दिवस उरले असताना. मथुराबाईंच्या नावासमोर लिहिलं होतं, ट्रिशियम जवळजवळ नाही.

मी तो आकडा कितीतरी वेळ बघत बसले. धरणात साचतो तो आपल्या डोळ्यांदेखतचा पाऊस, त्यात ट्रिशियम असायलाच हवं. पाणी धरणासारखं जड, आणि तरीही म्हातारं? एकाच बाटलीतलं पाणी धरणाचं आहेही आणि नाहीही, असं कसं होईल?  बाटली भरताना मी तिथं नव्हते, ही गोष्ट जगात तिघांना माहीत होती.

रफिकभाईंना घेऊन मी तशीच निघाले. मथुराबाई कांद्याच्या वाफ्यात होत्या. मी विचारलं, "मथुराबाई, त्या दिवशी बाटल्या कशा भरल्यात? खरं खरं सांगा."

"जशा सांगितल्या तशाच," त्या म्हणाल्या. "लाइट दिस मावळताना आली. अर्धा तास मोटर चालू ठिवली. तीनदा इसळल्या. काठोकाठ भरल्या. बुडबुडा म्हणून न्हाय."

"पाणी सरळ पाइपातून भरलंत?"

त्यांनी माझ्याकडं असं पाहिलं, जणू मी काहीतरी अवमानाचं बोलले होते. "सरळ पाइपातलं? मोठ्या सायबाकडं जाणारं पाणी, म्या कच्चं देऊ व्हय? आधी लुगड्याच्या चार पदरांतनं गाळलं. मग चुलीवर पातेलं ठिवलं आन निम्मं आटूस्तवर उकळलं. नातवाला कावीळ झाली तवा डाक्टरनं सांगितलं व्हतं, लई उकळून द्या म्हणून. मग निवू दिलं. चुनखडी सारी खाली बसली, वरचं निवळ तेवढं सकाळी भरलं."

मला हसावं की रडावं कळेना. रफिकभाईंनी तोंड फिरवलं, त्यांचे खांदे हलत होते. निम्मं आटूस्तवर! हलकं पाणी वाफ होऊन उडून गेलं होतं आणि जड पातेल्यात राहिलं होतं. धरणावर उन्हानं जे महिनोन्‌महिने केलं, ते या बाईनं चुलीवर एका संध्याकाळी केलं होतं. कठीणता कमी का निघाली, तेही पातेल्याच्या तळाशी बसलं होतं. एवढं उकळूनही ट्रिशियम मात्र नव्हतं ते नव्हतंच, कारण जे मुळात नाही ते चुलीनं कुठून येणार? तो एक आकडा तेवढा खरा होता.

"अहो, पण मी सांगितलं होतं ना," मी चिडून म्हणाले, "वाफ झाली की हलकं उडतं आणि जड राहतं!"

"तुमी ऊन म्हणालात, बाई," त्या शांतपणे म्हणाल्या. "चुलीचं कुठं बोललात?"

खरंच नव्हते बोलले. आणि बोलायची वेळ यायलाच नको होती, कारण बाटली माझ्या हातात असायला हवी होती.

परतीच्या वाटेवर मी काय काय विचार केला ते लिहायला लाज वाटते, पण लिहिते. उद्या गुपचूप येऊन नवा नमुना घ्यायचा, फेरतपासणी म्हणून पाठवायचा, काहीतरी तांत्रिक कारण काढून बोअर पुढं ढकलायचं. सहीचं कुणाला कळणार नाही. रफिकभाई माझ्या मनातलं ओळखून असावेत. ते म्हणाले, "मॅडम, बाटली तो बदल दोगे. रोज बुलबुला देखके फेक देते सो वो मॅडम कां से लायेंगे?"  मला त्यांचा राग आला, आणि तो राग धाराशिव येईपर्यंत टिकला. त्या माणसाचे माझ्यावर किती उपकार आहेत हे तेव्हा कळलं नाही.

दुसऱ्या दिवशी साहेबांच्या समोर सगळं सांगितलं. ते मितभाषी होते. विचारलं, "सही कुणाची?"

"माझी."

"मेमो निघेल. सर्व्हिस बुकात नोंद होईल."

"हो सर."

"बोअरची गाडी मी थांबवतो. गावात जाऊन सांगायचं मात्र तुम्ही. मी शेजारी बसेन, बोलणार नाही."

गावच्या पारावर सभा भरली. बायका एका अंगाला, बाप्ये दुसऱ्या. मी उभी राहिले आणि म्हणाले की नमुना मी स्वतः घेतला नव्हता, तरीही घेतला अशी सही केली. तो नमुना चुकीचा निघाला. ते पाणी धरणाचं नाही, म्हातारं आहे, तिथं बोअर घेतलं तर आज चालेल आणि नंतर सगळ्यांचंच जाईल. नवा नमुना घेऊन खात्री करू, पण बहुधा फुगवट्याच्या विहिरीचीच वाट धरावी लागेल. मथुराबाईंचं आणि चुलीचं मी काही बोलले नाही. जागा देणाऱ्या बाईवर गावाचा राग निघू नये, एवढंच डोक्यात होतं.

 मग बायकांतून एकजण उठली. "अजून दोन उन्हाळे टँकर? बाई, तुमच्या घरला नळ हाय न्हवं?"

मी होकाराची मान हलवली. त्या बाईचा चेहरा मला आजही दिसतो. बाप्यांतूनही आवाज वाढायला लागले. कुणी म्हणालं, खात्याला आपलं काम होऊ द्यायचंच नव्हतं. कुणी म्हणालं, बाईची चौकशी लावा. साहेब खाली बघत बसले होते, ठरल्याप्रमाणं.

तेवढ्यात मथुराबाई उभ्या राहिल्या. पदर डोक्यावरून पुढं ओढून घेतला. साऱ्या गावातल्या बाप्यांसमोर त्या आयुष्यात कधी बोलल्या नसाव्यात.

"बाई निम्मंच सांगत्यात. पाणी म्या उकळलं. बाईनं तसंच भरा म्हणून सांगितलं व्हतं. सायबाला कच्चं पाणी कसं द्यावं, म्हणून म्या चुलीवर आटवलं. त्यांला ठावं बी न्हवतं. काय बोलायचं ते मला बोला."

 आणि मग बायकांतून ती मघाचीच बाई फणकाऱ्यानं म्हणाली, "मग? कच्चं देत्यात व्हय कुणी? म्या बी उकळलंच असतं."

"म्या बी," दुसरी म्हणाली. बघता बघता सगळ्या बायका तेच म्हणायला लागल्या. एकीनं तर वेलदोडा घातला असता म्हणून सांगितलं. हसू फुटलं ते बायकांतून बाप्यांत गेलं. दत्तूअण्णांनी दोन्ही हात वर करून विचारलं, "म्हंजे बाई, नुसतं उकळून शेंगदाणं-फुटाणं बदलत्यात?"

"बदलत नाहीत, अण्णा. हलके उडून जातात, जड तळाला राहतात."  साहेबांनी पहिल्यांदा मान वर केली.

नवा नमुना मी घेतला, माझ्या हातानं, सगळ्या गावासमोर. पाणी हलकं आणि म्हातारं निघालं, आमच्यापैकी कुणाचाही जन्म व्हायच्या आधी मुरलेलं. बोअर रद्द झालं. फुगवट्याजवळच्या विहिरीला मंजुरी मिळाली आणि खरोखरच दोन उन्हाळे गेले. मी पहिल्याच दिवशी पुन्हा फेरी मारली असती, तर गावाचे काही महिने वाचले असते. ही बोच मला आहे, ती राहू दे. मेमोही सर्व्हिस बुकात आहे. त्याची मला आता लाज वाटत नाही.

नव्या अहवालाचा अर्थ सांगायला मी मथुराबाईंकडं गेले, तेव्हा त्यांनी एकच प्रश्न विचारला. "ह्ये पाणी परत कवा भरंल?"

"आपल्या हयातीत नाही."

"किती उरलंय?"

"ते कुणालाच सांगता येणार नाही."

त्यांनी बांधाकडं पाहिलं. बांधापलीकडं त्यांचा दीड एकर ऊस उभा होता. त्या वर्षी तो गाळपाला गेला आणि पुन्हा त्यांनी ऊस लावला नाही. मुलगा लातूरहून येऊन भांडून गेला. मोटर दिवसातून एकच तास चालवायची, सकाळी, असं त्यांनी ठरवलं. आणि त्या दोन उन्हाळ्यांत, टँकर आला नाही त्या दिवशी, त्या एका तासात गावच्या बायकांनी त्यांच्या शेतात रांग लावून दोन-दोन घागरी भरून नेल्या. एकदा मी गेले तेव्हा रांगेत सभेतली ती बाईही होती. तिनं मला ओळखलं आणि हसली. मी तिच्या घागरीला हात लावून ती तिच्या डोक्यावर चढवली. याहून जास्त मला काही करता आलं नाही.

गावात आता नळ आहेत, फुगवट्याच्या विहिरीचे. रांगा गेल्या. निवृत्तीनंतर या उन्हाळ्यात मी मुद्दाम मथुराबाईंना भेटायला गेले. त्या थकल्या आहेत, पण ओसरीत बसून राहत नाहीत. बोअर चालू होतं. मेथीला, वांग्याला पाणी चाललं होतं. मी म्हटलं, "मथुराबाई, आता गावाला पाणी आहे. बोअर तुमचं आहे. आणखी चार तास चालवलं तर कोण काय म्हणणार आहे?"

"कुणी काय म्हणत न्हाय," त्या म्हणाल्या. "आमी कुणीच न्हवतो तवा मुरलेलं पाणी ह्ये. पुढं कोण यायचंय, आजून ठावं न्हाय. मधल्यानंच कसं संपवायचं?"

मला तहान लागली होती. मी पाइपाच्या तोंडाशी तांब्या धरला. तेवढ्यात तास भरला आणि सुनेनं आतून बटण बंद केलं. धार बारीक झाली, थांबली. तांब्या निम्माच भरला होता. मथुराबाई घाईनं उठल्या. पाहुणी बाई, दारात तहानलेली उभी.

"थांबा, म्या परत चालू करती," त्या म्हणाल्या.

"नको," मी म्हणाले, आणि होतं तेवढं प्यायले.